शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, एक दिवस तशीच ठेवली आणि आज उत्तर लिहायला बसले आहे. वांद्र्याला केलेल्या दोन दिवसांच्या रिट्रीटवर, म्हणजे घरापासून दूर मौनात प्रार्थना करत घालवलेल्या दिवसांवर, मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, हा सगळा भावनेचा भर असतो. शनिवारी रडायचं आणि सोमवारी ऑफिसात होतं तसंच वागायचं. पैसे भरून शांतता मिळवणं ही चैन आहे, असंही लिहिलंत. तुमच्या आईने आयुष्यात एकही रिट्रीट केलं नाही. चुलीपुढे रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणत तिने सहा मुलं वाढवली आणि तिची श्रद्धा तुम्हा सगळ्यांपेक्षा पक्की होती, असं तुम्ही लिहिलंत. शेवटी विचारलंत, ‘तुमच्यात बदललं काय, एक गोष्ट सांगा.’ सांगते, पण शेवटी.

भावनेच्या भराबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी खोडून काढणार नाही, कारण मी ते पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी एका शिबिरात शेवटच्या रात्री संगीत वाढवत नेलं, दिवे मंद केले आणि लोकांकडून हात वर करून वचनं घेतली. माझ्या शेजारच्या बाईंना सांगण्यात आलं की तुमचा मधुमेह गेला, आता विश्वास दाखवा. त्यांनी गोळ्या बंद केल्या आणि पंधरवड्याच्या आत त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं. आजाऱ्यासाठी प्रार्थना मीही करते, मनापासून करते. पण डॉक्टरला न विचारता औषध सोडायला लावणं हे पाप आहे, आणि ते प्रभूच्या नावाने केलं तर जास्तच.

मात्र ज्या माणसाच्या पद्धतीवर आपल्याकडची बरीच मौनाची रिट्रीट चालतात, त्यालाच या भराची भीती होती. पुढे जेसुइट संघ स्थापन करणारा इग्नेशियस लोयोला हा मूळचा सैनिकी पेशातला माणूस. १५२१ साली स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला. पुढच्या वर्षी तो मान्रेसा गावी राहिला आणि तिथे स्वतःच्या मनात काय काय उसळतं, काय ओसरतं, याच्या नोंदी करू लागला. त्यातून त्याचं ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक झालं. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली. सुरुवातीलाच मार्गदर्शकासाठी वीस सूचना आहेत. त्यातली चौदावी अशी: साधना करणारा आनंदाने, उत्साहाने भारलेला दिसला, तर घाईघाईत वचन किंवा नवस करू नकोस म्हणून त्याला आवर. जितका त्याचा स्वभाव उतावळा, तितकं जास्त बजावून सांग. शेवटच्या रात्री हात वर करायला लावणाऱ्यांनी ही सूचना वाचायला हवी.

आणि खरं सांगू का, वांद्र्याला रडू फारसं आलंच नाही. शुक्रवारी रात्री जेवण झालं, मोबाइल एका पेटीत ठेवले आणि मौन सुरू झालं. शनिवारी दुपारपर्यंत डोकं दुखत होतं, हात सारखा पर्सकडे जात होता, कंटाळा आला होता आणि रागही. प्रवचनं तीनच. बाकी वेळ बायबलचा एकेक उतारा घेऊन तासभर एकट्याने बसायचं, मग मार्गदर्शक फादरांना वीस मिनिटं भेटायचं. मला बार्तीमयाचा उतारा दिला होता. यरीहोच्या वाटेवरचा तो आंधळा भिकारी ओरडत सुटतो आणि येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला हे काय विचारायचं, असं मला वाटलं. पण तासभर तोच प्रश्न समोर असला की उत्तर देणं चुकवता येत नाही. माझ्या मनातून भक्ती नाही निघाली. निघाली ती माझ्या भावाविरुद्धची हिशेबाची वही, पानन् पान भरलेली.

आता चैनीबद्दल. खर्च होतो हे खरं आहे. आमच्या गटातल्या दोघींचे पैसे बाकीच्यांनी मिळून भरले. पण भांडुपला आमच्या दोन खोल्यांत पाच माणसं राहतात. वरच्या मजल्यावर मिक्सर लागला की आमच्या भांड्यांना कळतं. माझ्या वयाच्या बाईला तासभर कुणी हाक न मारता बसायला मिळेल अशी जागा त्या घरात नाही, न्हाणीघरसुद्धा नाही.

म्हणून तुमच्या आईचं वाचून मी थांबले. त्यांची चुलीपुढची प्रार्थना खरी होती, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. इग्नेशियसलाही नसती. पूर्ण साधना तीस दिवसांची. शनिवार-रविवार हे तिचं फार आखूड रूप. पण एकोणिसाव्या सूचनेत ज्यांना कामधंदा सोडून जाता येत नाही त्यांचा विचार आहे. त्यांनी घरी राहून रोज दीड तास द्यावा, साधना तीच. पण काका, तुमच्या आईला कधी कुणी म्हणालं होतं का, ‘तू दोन दिवस जा, चूल आम्ही बघतो’? माझ्या आईला मी कधीच म्हटलं नाही. तिला गरज नव्हती असं आम्ही धरून चाललो, कारण तसं धरून चालणं आम्हाला सोयीचं होतं.

तिला जाऊ दिलं असतं तरी एक अडचण होतीच. मला मुंबईत जी रिट्रीट करायला मिळाली ती बहुतेक इंग्रजीत होती. आईला इंग्रजी प्रवचन समजलं नसतं. ती मान डोलावत बसली असती आणि घरी येऊन म्हणाली असती, ‘छान होतं.’ इंग्रज जेसुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली गोव्यात मराठीतून ख्रिस्तपुराण हे ओवीबद्ध काव्य छापलं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी आपल्याला अभंग दिले, कीर्तनं दिली. इतकं असताना मराठी माणसाने मौनात बसण्यापूर्वीचे चार शब्दही परक्या भाषेत ऐकावेत, याचं मला वाईट वाटतं. वसईकडे मराठीत रिट्रीट होतात. मुंबईच्या धर्मग्रामांतही (पॅरिशांतही) व्हायला हवीत. तुम्ही यावर लिहिलंत तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

सेवा सोडून एकांत कशाला, या तुमच्या प्रश्नावर बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाची आठवण देते. शिष्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा येशू त्यांना म्हणतो, चला, एकांतात जाऊन थोडी विश्रांती घ्या. ते होडीतून जातात, पण लोक किनाऱ्याने धावत आधीच तिथे पोचलेले असतात. तो त्यांना हाकलत नाही. त्याला त्यांचा कळवळा येतो आणि त्याच संध्याकाळी पाच हजार पुरुष जेवतात. मग शिष्यांना होडीत बसवून, लोकांना निरोप देऊन तो एकटाच डोंगरावर प्रार्थनेला जातो. एकांत मोडला तरी त्याने तो सोडून दिला नाही.

आता तुम्ही विचारलेली, माझ्यात बदललेली एक गोष्ट. आईच्या मागे गावठाणातल्या घराच्या वाटणीवरून मी आणि माझा भाऊ चार वर्षं बोलत नव्हतो. रविवारी फादरांना म्हटलं, घरी गेल्यावर आधी त्याच्या पाया पडते. ते म्हणाले, आज काही ठरवू नका. पंधरा दिवस रोज रात्री दिवसाचा धांडोळा घ्या, तरीही तेच वाटलं तर बघा. पंधरा दिवस घेतला. काही रात्री रागच वर आला. सोळाव्या दिवशी फोन केला, त्याने उचलला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा केला. घराचं अजून काही ठरलेलं नाही, आणि माझा वाटा मला हवाच आहे. पण आईच्या पुण्यतिथीच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) तो येऊन माझ्याच बाकावर बसला, आणि शांतीचं अभिवादन करताना त्याने आपणहून हात पुढे केला.