अभिनंदन, साहेब!

तांबोशी मासा मी पकडला. हे वाक्य आधीच लिहून ठेवते, कारण शनिवारपासून आमच्या नातेवाइकांत वेगळीच बातमी फिरते आहे.

रत्नागिरीत काजळी नदी भाट्याजवळ समुद्राला मिळते, तिथे खाडीवर आम्ही दुपारचे गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, गेलो होतो. निवांत बसायचं, फार बोलायचं नाही, एवढाच बेत. नवऱ्याकडे नवाकोरा रॉड, रीळ आणि खिसेच खिसे असलेलं जाकीट. माझ्याकडे पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, टोकाला शिसं आणि गरी, म्हणजे गळ. आमिष दोघांचं एकच, सोललेली कोळंबी. तीच तळून खाल्ली असती तर दुपार सत्कारणी लागली असती.

तेवढ्यात एक अनोळखी काका आले. हाफ पँट, बनियन, काखेत छत्री आणि मासेमारीचं एकही सामान नाही. अशा माणसापासून जपून राहावं.

"साहेब, आज तिथी कुठली?"

साहेब मोबाइलमध्ये शोधायला लागले.

"पंचमी," मी म्हटलं.

"पंचमी हो, साहेब," काकांनी त्याला सांगितलं. "तिथीची पाऊणपट करायची. पाच पाऊणे पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती. पाणी चढतंय तोवर मासा आत शिरतो, मग बसा बोंबलत."

हिशोब चोख आहे. माझी आजी त्यात सहा तास मिळवून ओहोटी काढायची आणि तिसऱ्या शिंपल्या काढायला जायची. मी तसं बोललेही. काका म्हणाले, "साहेब, रॉड जरा डावीकडे घ्या."

घेतला. लगेच वाकलाही. वर आला तो केंड, लग्नात मानपान चुकलेल्या मामासारखा टम्म फुगलेला.

"अरेरे! शिजवला तरी विष जात नाही त्याचं. सोडा साहेब, नशिबाचा भाग," असं म्हणून काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते नशीब जणू मीच डब्यात भरून आणलं होतं.

मग माझ्या तर्जनीवर टकटक झालं. थांबलं. पुन्हा टकटक, आणि असा हिसका बसला की तंगूस बोटात रुतला.

"साहेब, धरा, धरा! वहिनींच्या हातून सुटेल!"

साहेब रॉड टाकून धावले. "हात लावू नकोस!" मी अशी ओरडले की पलीकडे पागणारा माणूसही जाळं धरून थांबला. दोन्ही हातांनी ओढत वर घेतली. चांगली दीड वीत, लालसर, शेपटी आपटत धक्क्यावर उड्या मारणारी तांबोशी!

काका पुढे झाले आणि त्यांनी माझ्या नवऱ्याचा हात हातात घेतला.

"अभिनंदन, साहेब! जागा अचूक हेरलीत."

आणि नवरा म्हणाला, "थँक्यू, काका."

कशाबद्दल? वळ तर माझ्या बोटावर. 'वहिनी, तुम्ही फोटो काढा,' म्हणून फोटोही मीच काढला. त्यात मासा आहे, नवरा आहे, छत्रीसकट काका आहेत. मी नाही. तोच फोटो फॅमिली ग्रुपवर गेला आणि त्याच्या आत्याने लिहिलं, 'लहानपणापासून हाताला यश आहे हो याच्या.'

खाडीवरचंच कशाला! गॅसचं कनेक्शन माझ्या नावावर, फोन मी उचलते, तरी पलीकडून 'साहेबांना द्या.' आणि मासे ही काय पुरुषांची मिरास? ओहोटीला खडकावर वाकून कालवं फोडते बाई, बाजारात पाटी लावून भाव आणि उधारी सांभाळते बाई. पुरुष बोटीवर जातो, कबूल. काका तर बोटीवरही गेलेले दिसत नव्हते.

"म्हातारे होते गं, कशाला वाद घालायचा," नवरा म्हणतो. म्हातारे! फोटोत यायला कसे टुणकन उडी मारून आले.

फोटो पाठवायला त्यांनी नंबर घेतला होता. तोही साहेबांचा. काल रात्री मेसेज आला: 'उद्या नवमी. पावणेसातला भरती. वहिनींनाही आणा, तेवढंच त्यांचं फिरणं होतं.'

नवऱ्याने अंगठा पाठवलाय.