सीएनसी आली म्हणून नोकऱ्या गेल्या? कुणाच्या गेल्या ते बघा की

मशीन आली की माणूस घरी बसतो, हे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत चहाच्या गाड्यावर रोज ऐकतो आणि दरवेळी वाटतं, अर्धंच बोलताय राव. ज्या कारखान्यात सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमवर धातू कापणारी मशीन, येते तिथली माणसं सहसा लगेच जात नाहीत, उलट माप पक्कं येतंय, रिजेक्शन कमी, म्हणून ऑर्डरी तिकडंच वळतात आणि दुसरी शिफ्ट चालू होते. जातात ती पलीकडच्या गल्लीतल्या दोन लेथच्या (धातू कातायच्या, हातानं चालवायच्या मशीनच्या) शेडमधली, जिथल्या मालकाला मशीनचं कर्ज झेपलं नाही. त्याचं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांकडून मिळणारं काम, आटतं, पण ते कुणी मशीनच्या खात्यावर मांडत नाही, "त्याला धंदा जमला नाही" म्हणायचं की झालं!

इथल्याच शहापूर-वडगावच्या विणकरांना विचारा. भारी मशीन बसल्या सुरतेला आणि माग थांबले वडगावात.

आणि सगळं नवं तंत्र एकसारखं नसतं. तोच माल कमी माणसांत काढायचा हे एक, आणि आधी इथं बनतच नव्हता असा माल काढायचा हे वेगळं. हत्तरगीला एकस कंपनीच्या सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) विमानाचे पार्ट बनतात, ते काम कुणाच्या तोंडचं काढून घेतलेलं नाही, आपल्या भागात ते नव्हतंच. पहिल्या प्रकारात माल स्वस्त होऊन खप वाढला तरच माणसं परत लागतात, नाहीतर नाही. रिकार्डोसारखा अर्थशास्त्री आधी म्हणायचा यंत्रानं सगळ्यांचंच भलं, मग १८२१ ला पुस्तकाच्या तिसऱ्या आवृत्तीत नवीन प्रकरण घालून म्हणाला की मजुराचं नुकसान होऊ शकतं. आपल्याकडचे लोक मात्र दोनशे वर्षांनी पण आपापल्या मतावर ठाम!

मला खरी काळजी जुन्या टर्नरची, म्हणजे लेथ चालवणाऱ्या कारागिराची. हा माणूस टूल स्वतः ग्राइंडरवर घासून धार लावतो, ठिणगी बघून सांगतो मटेरियल काय आहे. सीएनसीवर इन्सर्टचा (टूलवर बसवायच्या तयार धारेच्या तुकड्याचा) स्क्रू ढिला करायचा, कड फिरवायची, परत आवळायचा, की चालू. मग आयटीआयचं पोरगं कमी पगारात दोन मशीन सांभाळतं, आणि तोच टर्नर प्रोग्रॅमिंग शिकला तर चांगला सेटर (कामासाठी मशीन लावून देणारा) होईल कारण धातू त्याला कळतो, पण त्याला शिकवणार कोण? मशीन घ्यायला सबसिडीच्या योजना निघतात, त्यातले थोडे पैसे या माणसाच्या शिकण्यावर घाला की. क्लास शिफ्ट सुटल्यावर ठेवा, शिकताना पगार कापू नका, आणि शिकवा मराठी-कन्नडात, मॅन्युअल बहुतेक इंग्लिशमध्ये असतात.