दोन दाढांवरून देवमासा?

हिमालयासीटस या जीवाश्मावरचा तुमचा लेख छान, पण त्यातलं ‘हिमालयासीटस हा जगातला सर्वांत जुना देवमासा’ हे वाक्य फारच ठोकून दिलंय. सापडलंय काय, तर हिमाचलातल्या सुबाथूच्या खडकांतला खालच्या जबड्याचा तुकडा आणि त्यात दोन दाढा. बाजपेयी आणि गिंगरिच या जीवाश्मतज्ज्ञांनी १९९८ मध्ये त्याचं वय सुमारे ५.३५ कोटी वर्षं लावलं. त्या वयावर पुढे शंका घेतल्या गेल्या. कुळाचंही तेच. आधी पाकिसीटस या आदिम देवमाशाच्या कुळात घातला, मग काहींनी अँब्युलोसीटस या दुसऱ्या आदिम देवमाशाकडे सरकवला.

मी नाशिकला कॉलेज रोडवर दातांचा दवाखाना चालवतो, म्हणून एक सांगतो. खालची दाढ बधिर करताना आम्ही सुई जबड्याच्या आतल्या बाजूच्या एका बारीक छिद्राजवळ नेतो. तिथून नस आत शिरते. पुढच्या काळातल्या देवमाशांत हेच छिद्र भलंमोठं होतं. त्यात चरबीची गादी असते आणि पाण्यातला आवाज जबड्यातून कानापर्यंत पोचतो. हिमालयासीटसचं छिद्र मात्र जमिनीवरच्या प्राण्यांसारखं लहानच! म्हणजे दाढा देवमाशाच्या वळणाच्या, पण पाण्याखालचं ऐकणं अजून यायचंय. लेखात याचा उल्लेखच नाही, नुसती दाढांची लांबी-रुंदी.

दाढांच्या एनॅमलमधल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (म्हणजे त्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) तो गोड्या आणि खाऱ्या, दोन्ही पाण्यांत वावरत असावा, असा अंदाज त्याच दोघांनी मांडला होता. त्यावर एक परिच्छेद हवा होता.

(आमच्या पांडवलेण्यांचा खडक लाव्हाचा, तिथे देवमासा शोधायला जाऊ नका. कालच एका पेशंटने विचारलं!)