दोरावरचा जोडीदार आणि तपासणीचा राग : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘जुना भटक्या’ यांस,

सविनय नमस्कार.

प्रस्तरारोहणासाठी जोडीदार कसा निवडावा, या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभारी आहे. मोठ्या सुळक्यावर जाण्याआधी नव्या जोडीदाराबरोबर एखाद्या लहान कातळावर दिवस काढावा, त्याचा बिले (चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळणे) पाहावा, चढाईपूर्वी एकमेकांच्या गाठी तपासाव्यात आणि अशा तपासणीचा ज्याला राग येतो त्याच्याबरोबर दोरावर जाऊ नये, असे मी त्यात म्हटले होते. त्यावर आपले आक्षेप तीन आहेत. सह्याद्रीतले प्रस्तरारोहण मैत्रीवर आणि संस्थांमधील घरोब्यावर वाढले असून मी त्याला नोकरीच्या मुलाखतीची कळा आणली आहे, हा पहिला. वीस वर्षे कडे चढलेल्या माणसाची गाठ कालच्या पोराने तपासावी हा त्या माणसाचा अपमान आहे, हा दुसरा. आणि माझे ऐकायचे तर नवख्याला जोडीदारच मिळणार नाही, हा तिसरा.

पहिल्या आक्षेपातील इतिहास मला पूर्ण मान्य आहे. दोर, कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी), हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) हे सारे एकट्याच्या खिशाला परवडण्याजोगे नसताना ते संस्थांनी जमवले, आणि लिंगाणा, तैलबैला, नागफणी येथे जाणाऱ्या कित्येकांनी आपली पहिली गाठ एखाद्या संस्थेतल्या दादाच्या हाताखालीच बांधली. प्रश्न एवढाच आहे की, मैत्रीतून माणसाविषयी नेमके काय कळते. तो डबा वाटून खातो, पैशाला चोख आहे, आपला पाय मुरगळला तर पाठुंगळीला घेऊन उतरवेल, हे सगळे कळते. लीड करणाऱ्याने, म्हणजे पुढे चढणाऱ्याने, क्लिप करण्यासाठी (दोर आधाराच्या कडीत अडकवण्यासाठी) दोर ओढला की बिले देणाऱ्या या मित्राचा ब्रेकचा, म्हणजे दोर अडवून धरणारा, हात दोरावरून सरकतो की क्षणभर दोर सोडून पुन्हा वर पकडतो, हे मात्र कळत नाही. ते पाहण्यासाठी त्याच्या शेजारी उभे राहून त्याच्या हाताकडेच पाहावे लागते, कारण ही चूक अर्ध्या सेकंदाची असते आणि पुढचा माणूस पडत नाही तोवर तिचा कोणताही परिणाम दिसत नाही. अशा हाताने माणूस वर्षानुवर्षे बिले देत राहतो आणि त्याला उत्तम बिलेयर म्हणून ओळखलेही जाते. तीच गोष्ट उभे राहण्याच्या जागेची. कातळापासून चार पावले मागे गप्पा मारत उभा असलेला बिलेयर वरचा माणूस पडताच कातळाकडे खेचला जातो, आणि तो खेचला जाईल तितके वरच्याचे पडणे वाढते. पंचावन्न किलोच्या मित्राने पंच्याऐंशी किलोच्या मित्राला बिले द्यायचा असेल, तर त्यांच्या स्नेहाने वजनातील तफावत भरून निघत नाही. खालच्याला अँकर (कातळाला पक्का बांधून ठेवणारा आधार) लावायचा की नाही, याचा विचार आधीच करावा लागतो.

आपल्या बेसॉल्टवर तर हे अधिकच लागू आहे. दगड ठिसूळ, मेखा ठोकण्याजोग्या भेगा मोजक्या, जुन्या बोल्टांवर गंज, त्यामुळे दोन आधारांमधील अंतर पुष्कळदा मोठे असते. टप्प्यावरच्या अँकरपासून निघून मधे काहीही न लावता दोन मीटर वर गेलेला माणूस पडला, तर तो दोन मीटर दोरावर चार मीटर पडतो. ताणून धक्का पचवायला दोरच थोडा असल्यामुळे हे पडणे सर्वांत कठोर ठरते, आणि तो झटका थेट अँकरवर आणि बिलेयरच्या हातावर येतो.

आपला दुसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण अनुभवी माणसाला तपासणीची गरज नसते हे त्यातील गृहीतकच मला अमान्य आहे. लिन हिल ही त्या काळातील जगातल्या अग्रगण्य प्रस्तरारोहकांपैकी एक. 1989 साली फ्रान्समधील ब्यूक्स येथे तिने दोर हार्नेसमधून ओवला, गाठ पुरी करण्याआधी तिचे लक्ष दुसरीकडे गेले आणि ती तशीच चढली. वर पोहोचून खाली येण्यासाठी तिने दोरावर भार टाकला, तेव्हा दोर हार्नेसमधून निसटला आणि ती सुमारे 72 फूट खाली आली. झाडाच्या फांद्यांनी वेग कमी झाला म्हणून ती वाचली. पुढे 1993 मध्ये तिने अमेरिकेतील एल कॅपिटन या कड्याचा ‘नोज’ हा मार्ग प्रथमच मुक्त पद्धतीने, म्हणजे चढण्यासाठी दोराचा वा मेखांचा आधार न घेता, चढून दाखवला. ब्यूक्सच्या त्या अपघाताच्या दिवशी तिला बिले देत होता तो तिचा पती, तोही मुरलेला प्रस्तरारोहक. प्रेम आणि अनुभव यांपैकी कशाचीही तिथे वाण नव्हती, पण गाठीला कोणाचा हात लागला नाही.

आता अपमानाविषयी. आपल्याकडे संस्थेतील ज्येष्ठाला दादा किंवा सर म्हणण्याची रीत आहे आणि ती मला प्रिय आहे, परंतु दादाच्या हार्नेसचा पट्टा बकलमधून उलटा परत घातलेला नाही, हे दिसूनही पोरगा गप्प बसतो, तो याच रीतीमुळे. ‘त्यांना कळत असेल’ असे तो मनाशी म्हणतो. हे मौन मोडण्याची जबाबदारी मी पोरावर टाकत नाही. ज्येष्ठानेच कातळाखाली उभे राहून ‘माझी गाठ बघ रे’ म्हटले पाहिजे. आणि बघणे म्हणजे लांबून ‘ठीक आहे’ म्हणणे नव्हे. फिगर ऑफ एट या गाठीचे पदर बोटांनी चाचपावेत, दोर हार्नेसच्या दोन्ही ठिकाणांतून गेला आहे ना ते पाहावे, कॅराबिनरचे कुलूप दाबून बघावे. मी नव्या जोडीदारापुढे स्वतःची गाठ करतो तेव्हा तो हात पुढे करतो की नुसती मान डोलावतो, याकडे माझे लक्ष असते. त्याने सर केलेल्या सुळक्यांच्या यादीपेक्षा मला त्यातून अधिक समजते.

‘एकमेकांना ओळखणाऱ्यांना बोलावेही लागत नाही’ असेही आपण लिहिले आहे. मला तर ती स्थितीच धोक्याची वाटते. वर पोहोचलेला समजतो की खालचा आपल्याला दोराने उतरवणार आहे, आणि खालचा समजतो की वरचा रॅपलिंग करून, म्हणजे स्वतःच दोरावरून घसरत, येईल, म्हणून तो बिले काढून टाकतो. असे अपघात चांगल्या, सरावलेल्या जोड्यांचेही होतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी वारा सुटला की ओरडलेले ऐकू येत नाही, म्हणून दोराला किती हिसके दिले की काय समजायचे, हे खालीच ठरवावे लागते. 60 मीटरच्या दोराने 30 मीटरपेक्षा उंचावरून माणूस जमिनीपर्यंत उतरवता येत नाही, आणि दोराच्या शेवटाला गाठ मारलेली नसेल तर तो शेवट बिलेयरच्या हातातून निघून जातो. हे दोघांनाही ठाऊक असते, तरीही ते मोठ्याने बोलून घ्यावे, असे माझे मत आहे.

तिसऱ्या आक्षेपाविषयी फार लिहीत नाही. पुण्या-मुंबईत कृत्रिम भिंती आहेत, संस्थांची शिबिरे असतात, आणि स्वतःला तपासू देणाऱ्या नवख्याला तिथे कोणी ना कोणी दोरावर घेतेच. बेफिकीर मुरब्ब्यापेक्षा मी असा नवखा पत्करीन.

जुन्या मित्राला हे सांगायचे कसे, असे आपण शेवटी विचारले आहे. कातळाच्या पायथ्याशी, सर्वांसमक्ष सांगू नये. निघण्याच्या आदल्या दिवशी, सामान भरताना सांगावे आणि सकाळी आधी आपलीच गाठ त्याच्यापुढे करावी. बहुतेक जण दोन-तीन वेळा कुरकुरतात आणि मग आपणहून तपासू लागतात. जे त्यानंतरही हसण्यावारी नेतात, त्यांच्याबरोबर मी ट्रेकला जातो, गडावर मुक्काम करतो, पिठले-भाकरी खातो. लीड करताना मात्र बिले दुसऱ्याचा घेतो.

आपला स्नेहांकित,
लेखक