‘समुपदेशन केले’ या रकान्यात नक्की काय केलं जातं?

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात एक रकाना असतो, ‘समुपदेशन केले’. त्यात टीक मारायला दोन सेकंद लागतात. इंजेक्शन दिलं तर किती मिली, कुठल्या दंडावर, बॅच नंबर काय, हे सगळं लिहावं लागतं. बोलण्याला मात्र ना मात्रा, ना वेळ, ना पुढची तारीख. ओपीडीच्या दारात उभ्याउभ्या ‘टेन्शन घेऊ नका, पाणी पीत जा’ म्हटलं तेही समुपदेशन, आणि पाऊण तास समोर बसून ऐकून घेतलं तेही समुपदेशन. टीक सारखीच.

त्यात आपल्या विदर्भातलं ‘हो जी’. "समजलं ना?" "हो जी." डॉक्टरला, सिस्टरला, गुरुजीला तोंडावर ‘नाही समजलं’ म्हणणं आपल्याकडे उद्धटपणा वाटतो. म्हणून माझं मत असं की ‘समजलं का’ हा प्रश्नच बाद करावा. त्याऐवजी विचारावं, "घरी मायनं इचारलं, काय सांगतलं बा दवाखान्यात, त काय सांगसान?" मग माणूस जे सांगेल, तेवढंच आपलं काम झालेलं असतं. बहुतेक वेळा ते निम्मंही नसतं, आणि चूक त्याची नसते.

सिकलसेलचं घ्या, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया पट्ट्यात हा शब्द घराघरात माहीत आहे. १९५८ सालीच नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं. तरी अजून ‘तो आदिवासींचा रोग’ म्हणून सोडून देणारे आहेत. नाही बाप्पा, बिगरआदिवासी समाजांतही तो भरपूर आहे.

इथे पहिला घोळ तपासणीतच होतो. गावात होणारी साधी ट्यूबमधली तपासणी ‘आहे किंवा नाही’ एवढंच सांगते. माणूस वाहक आहे (ए-एस, म्हणजे सिकल एकाकडूनच आला) की रुग्ण (एस-एस, म्हणजे आईबाप दोघांकडून आला), हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली पक्की तपासणी लागते. मधल्या काळात ‘पॉझिटिव्ह आला’ एवढंच घरी पोचतं आणि धडधाकट वाहक पोरीची सोयरीक मोडते. पक्का रिपोर्ट हातात येईपर्यंत ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द उच्चारू नये. आला की आधी ज्याचा रिपोर्ट त्यालाच सांगावा, बंद दाराआड. काकाजी, मामा, सरपंच नंतर.

दुसरा घोळ गणिताचा. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एस-एस असण्याची शक्यता चारात एक. हे वाक्य सगळेच समुपदेशक बोलतात. ऐकणाऱ्याला मात्र ऐकू येतं, ‘चार पोरांत एक आजारी. पहिलं झालं, आता तीन चांगले.’ हा गैरसमज तोंडाने सांगून जात नाही. दोन वाट्या घ्या. प्रत्येकीत एक तुरीचा दाणा, एक हरभऱ्याचा. तूर म्हणजे चांगली, हरभरा म्हणजे सिकल. एक वाटी आईची, एक बापाची. डोळे मिटून दोघांनी आपापल्या वाटीतून एकेक दाणा काढायचा. हरभरा-हरभरा आला तर रुग्ण, तूर-हरभरा आला तर वाहक, तूर-तूर आली तर काहीच नाही. मग दाणे परत वाटीत टाकायचे आणि पुन्हा काढायचे, निदान दहा वेळा. दाणे परत टाकायला विसरलात तर सगळं मुसळ केरात, कारण मग ‘निघून गेलेला हरभरा पुन्हा येत नाही’ हेच माणूस शिकून जातो. प्रत्येक खेपेला वाटी पुन्हा भरलेली असते, हे हाताला कळायला हवं.

याच खेळात आणखी एक गोष्ट आपोआप होते. ‘सुनेनं आणला हा रोग’ म्हणणाऱ्या सासूच्या डोळ्यांदेखत तिच्या मुलाच्या वाटीतूनही हरभरा निघतो. त्यावर वेगळं भाषण द्यावं लागत नाही.

तारखा मात्र पाठ हव्यात. पोटातल्या बाळाची तपासणी करायची तर ती साधारण अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा तुकडा घेऊन होते, त्यानंतर पंधराव्या आठवड्यापुढे गर्भजल काढून. बाईची नोंदणी चौथ्या महिन्यात, नवऱ्याचं रक्त ‘पुढच्या वेळी घेऊन या’, आणि नवरा कामाला बाहेरगावी, असं झालं की पर्याय हातातून गेला. बाई वाहक निघाली त्याच आठवड्यात नवऱ्याचं रक्त घ्यायचं. पुढचा निर्णय त्या दोघांचा. आपण हो-नाही सांगायला बसलेलो नाही.

एस-एस मुलाच्या आईला काय सांगायचं, हे तर एका बैठकीत मावतच नाही. पहिल्या दिवशी दोनच गोष्टी सांगाव्यात. ताप १०१ च्या वर गेला की त्याच दिवशी दवाखाना, रात्र काढायची नाही. आणि डाव्या बरगडीखाली पानथरी (प्लीहा) कशी चाचपायची, ती तिच्याच बोटांनी तिच्याच बाळाच्या पोटावर. पोट अचानक फुगलं, बाळ पांढरं पडलं, तर रक्त पानथरीत अडकलेलं असतं, आणि अशा वेळी तासातासाला किंमत असते. बाकीचं पुढच्या भेटीत. हायड्रॉक्सीयुरिया ही सिकलसेलची गोळी वजनावर ठरते, रोज घ्यायची असते, पूर्ण गुण यायला काही महिने लागतात आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं. ‘दुखत नाही म्हणून बंद केली’ हे वाक्य ऐकू आलं तर समजा, कोणीतरी ती दुखण्याची गोळी म्हणून देऊन टाकली आहे. ती दुखू नये म्हणून असते. कळ आली तर बर्फ नाही, ऊबदार शेक आणि भरपूर पाणी. शाळेत गुरुजींना चिठ्ठी हवी की या पोराच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येत नाही, तो पाणीही जास्त पिणार आणि सुट्टीही सारखी मागणार. चिठ्ठी नसली की मार बसतो आणि पोरगं पाणी पिणं सोडतं. मग कळ येते, मे महिन्यात तर हमखास.

कुष्ठरोगाबद्दल थोडक्यात, कारण आनंदवन, दत्तपूर आणि तपोवन या कुष्ठरुग्णांसाठी उभ्या राहिलेल्या संस्थांच्या मुलखात हे नव्याने सांगायची पाळी यायला नको होती. बधिर पाय साध्या पाण्यात वीस मिनिटं बुडवायचा, जाड कातडी खरबरीत दगडाने हलकेच घासायची, आणि पाय ओला असतानाच तेल लावायचं. पाणी आत धरून ठेवणं एवढंच त्या तेलाचं काम. कोरड्या पायावर चोळून काही होत नाही. गरम पाणी घेतलं तर पोळलेलं कळतच नाही, ब्लेडने खरवडलं तर जखम. हे सगळं तोंडाने सांगून टीक मारली जाते. बादली आणून त्याच्याकडून एकदा करवून घेतलं तर अर्धा तास जातो, पण जखम टळते.

आता ‘टेन्शन’. आपल्याकडे कोणी ‘मला नैराश्य आहे’ म्हणत येत नाही. डोकं भणभणते, कंबर धरते, झोप नाही, जेवण गोड लागत नाही, जीव लागत नाही, असं येतं. नैराश्य ओळखायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली चांगली आहे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस, दहा किंवा त्याहून जास्त झाले की पुढे पाठवायचं. पण ती वाचून दाखवली की परीक्षा होते. ‘गेल्या दोन आठवड्यांत’ म्हटल्यावर माणूस छताकडे पाहतो. ‘मागच्या दोन बाजारांपासून’ म्हटलं की त्याला नेमकं आठवतं.

नववा प्रश्न मरणाचा. तो बहुतेकजण गिळतात, विचारलं तर डोक्यात भरेल या भीतीने. विचारल्याने भरत नाही, उलट माणूस सुटकेचा श्वास टाकतो. क्रमाने विचारावं. मरून जावंसं वाटते का? कसं करावं हेही डोक्यात आलं का? ते घरात आहे का? तिसऱ्याचं उत्तर ‘आहे’ असेल तर त्या माणसाला एकट्याला घरी पाठवायचं नाही.

आणि इथे भाषा दगा देते. आपल्याकडे फवारणीचं विषही ‘औषध’ आणि दवाखान्यातली गोळीही ‘औषध’. ‘त्यानं औषध घेतलं’ याचा अर्थ वऱ्हाडात काय होतो, सगळ्यांना माहीत आहे. तरी आपण नैराश्याच्या माणसाला फोनवर विचारतो, ‘औषध घेतलं का?’ शेजारी बसलेल्या बायकोच्या काळजात काय होत असेल! एकाला कायम ‘गोळी’ म्हणा, दुसऱ्याला ‘फवारणीचं’. एवढी शिस्त आशाताईपासून मानसोपचारतज्ज्ञापर्यंत सगळ्यांनी पाळावी.

फवारणीचं कपाटात ठेवून कुलूप लावा, हा सल्ला ऐकायला बरा वाटतो. श्रीलंकेत सव्वादोन लाख लोकसंख्येच्या गावांत कुलुपाच्या पेट्या वाटून अभ्यास झाला, २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आला, विषबाधा काही कमी झाल्या नाहीत. तिथे आत्महत्या घटल्या त्या सर्वांत जहाल कीटकनाशकांवर बंदी आल्यावर. ती बंदी समुपदेशकाच्या हातात नाही. त्याच्या हातात एवढंच आहे की धोक्याचे काही आठवडे तो डबा घरातच राहू नये, भावाकडे किंवा दुसऱ्या गावच्या साळ्याकडे जावा, आणि तो कोणी उचलायचा त्याचं नाव तिथेच ठरावं.

गोळ्या सुरू झाल्या तर पहिल्याच दिवशी सांगावं की पहिले आठ-दहा दिवस मळमळ, अस्वस्थपणा होईल, गुण दोन ते चार आठवड्यांनी दिसेल, आणि बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायच्या. हे न सांगितल्यामुळे निम्म्या गोळ्या फडताळात राहतात. ‘मन रमवा’ हा सल्ला तर कुचकामीच. ज्याचं मन रमत नाही त्यालाच सांगता रमव म्हणून? त्यापेक्षा एकच काम ठरवा. उद्या सकाळी सातला बैलांना पाणी पाजायचं, येताना पारावर दहा मिनिटं बसायचं, मन असो वा नसो. दुसऱ्या भेटीत पहिला प्रश्न त्याच कामाचा. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत स्थानिक कार्यकर्त्यांच्या बळावर अशी मांडणी करून पाहिली गेली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. म्हणजे होतं. पण तरीही चारात तीन राहिलेच, हेही त्याच आकड्यात आहे.

आशाताईंवर सगळं टाकण्याच्या मी विरुद्ध आहे. त्या कोणाच्या तरी जाऊबाई, कोणाच्या वहिनी असतात. ओळखणं त्यांचं काम, बोलायला शेजारच्या गावची व्यक्ती हवी. नाहीतर १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, मराठीत. पण नंबर भिंतीवर रंगवून भागत नाही. पहिला फोन तिथे बसूनच लावून द्यायचा.

कोणी विष घेतलंच, तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. ती छातीत जाते. कपडे काढा, अंग साबणाने धुवा, डाव्या कुशीवर झोपवा, डबा सोबत न्या, वेळ लक्षात ठेवा. पोलिसांच्या भीतीने काय घेतलं ते लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार धरणं थांबवलं, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं ते जुनं ३०९ कलमच राहिलेलं नाही. एमएलसी (पोलिसांना कळवायची दवाखान्याची नोंद) होते, ती नुसती नोंद असते.

खरी चूक घडते ती दवाखान्यातून सुट्टी देण्याच्या दिवशी. सलाइन निघाली, बिल झालं, ‘आता असं करू नका’ म्हटलं, टीक मारली. पुढचे काही आठवडे सर्वांत धोक्याचे. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यात चेन्नईतही, तपासलेली साधी रीत आहे. सुट्टीच्या आधी तासभर बोलणं, मग अठरा महिन्यांत नऊ वेळा गाठभेट. पहिला, दुसरा, चौथा, सातवा, अकरावा आठवडा, आणि चौथा, सहावा, बारावा, अठरावा महिना. त्यात मरणं ठळकपणे कमी झाली. ना मशीन, ना महागडी गोळी.

या नऊ तारखा सुट्टीच्या कागदावर लिहून द्यायला पाच मिनिटं लागतात. फक्त लिहिताना कॅलेंडरशेजारी शेताचं वेळापत्रकही हवं. पोळ्याच्या आठवड्यात घरी आलेल्या माणसाचा अकरावा आठवडा कापसाच्या वेचणीत येतो. तेव्हा तो दुपारी घरी सापडत नाही, बांधावर सापडतो, आणि ‘घरी आढळला नाही’ असा शेरा मारण्याआधी बांधापर्यंत जाऊन यायचं असतं.