बाळ हुशार हवंय ना, मग आधी तिला वाढा

आज एका डोहाळेजेवणाहून आलेय आणि डोकं तापलंय. चंद्रकोर, धनुष्यबाण, फुलांचे दागिने, सगळं साग्रसंगीत. आणि त्या पोरीभोवती सल्ल्यांची रांग! केशरदूध पी, बदाम खा, श्लोक ऐक, बाळ हुशार निपजेल.

मला आमची ताई आठवली. सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन आठ. डॉक्टरांनी रोज अंडं सांगितलं. घरात अंडं चालत नव्हतं. बरं, ज्याचं त्याचं. पण दूध-दही तरी? ते आधी दिराच्या ताटात. ताई सगळ्यांचं झाल्यावर बसायची, तळाची आमटी आणि भात. वर सासूबाईंचं शास्त्र, "जास्त खाशील तर मूल मोठं होईल, बाळंतपण अडेल." लोहाच्या गोळ्या ती चहाबरोबर घ्यायची. चहाने लोह नीट अंगी लागत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

आपल्या पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या चमूने १९९३ पासून आसपासच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केलाय. ज्यांच्या आईचं बी-१२ जीवनसत्त्व खूप कमी होतं, ती मुलं नवव्या वर्षी लक्ष टिकवण्यात आणि आकडे उलटे म्हणून दाखवण्यात मागे पडली. बी-१२ मिळतं दूध-दही, अंडी, मासे-मटणातून. बदामात ते नसतं हो!

ताईचा लेक चौथीत पाढे विसरायचा, तेव्हा सासूबाई काय म्हणाल्या? "आईवर गेलाय." वाढताना ही परक्याची पोर, आणि खापर फोडायला मात्र आई!

मान्य, एका पोराच्या पाढ्यांचा दोष आमटीवर ढकलता येत नाही. शाळा असते, घर असतं, शंभर कारणं असतात. आणि सासूबाईंनाही त्यांच्या वेळी तळाचंच मिळालं असणार, कुणी विचारलं असेल त्यांना? त्यांच्यावरचा माझा राग आता तितकासा उरलेला नाही.

पण दिरावर आहे. ताईच्या नवऱ्यावर तर आहेच. समोर बसून जेवत होते दोघं.

तेव्हा माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या होऊ घातलेल्या बापांनो, बायकोला आधी वाढा. गोळी चहाबरोबर नको, लिंबूपाण्याबरोबर द्या. शाकाहारी असाल तर बी-१२ चं डॉक्टरांना विचारा. आणि "आमच्या वेळी कुठे होतं असलं काही" ही कमेंट टाकणाऱ्यांनी आधी आपल्या आईला विचारून यावं, त्या नऊ महिन्यांत तिच्या ताटात काय होतं ते.