कशावरून?

लेक सहावीत आहे. गेल्या महिन्यात शाळेने प्रकल्प दिला, 'आपली नदी'. कन्येने तासाभरात आठ पानं हातावेगळी केली. मजकूर चॅटजीपीटीचा, चित्रं नेटवरची, रंगीत प्रिंट कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून. पहिलंच वाक्य, "मुठा नदीचे निर्मळ पाणी पुणेकरांची तहान भागवते." आम्ही रोज लकडी पुलावरून जातो, नाकाला रुमाल लावून. प्रकल्पाला दहापैकी दहा, वर 'सुंदर!' असा शेरा.

बाईंना दोष देत नाही. वर्गात साठ पोरं, त्यात निवडणुकीची ड्युटी आणि रोज कुठल्या तरी लिंकवर भरायची माहिती. साठ प्रकल्प कोण वाचणार?

पण माहिती गोळा करून आणणं यालाच आपण अजून अभ्यास म्हणतोय, हे मला खटकतं. आमच्या वेळी त्यात निदान कष्ट होते. वाचनालयात जायचं, विश्वकोशाचा जाडजूड खंड काढायचा, उतरवून घ्यायचं. उतरवता उतरवता चार गोष्टी डोक्यात राहायच्या. आता मजकूर स्क्रीनवरून थेट कागदावर जातो, मधे पोराचं डोकं लागतच नाही. माझ्या मते शाळेने आता आधी एकच प्रश्न विचारायची सवय लावावी: कशावरून? बाकीचं वेळापत्रक त्याभोवती बसवा.

यावर "पाठांतर बंद करा, सगळं गुगलवर आहे" म्हणणारे येतीलच. त्यांच्याशी माझं अजिबात पटत नाही. दर पावसाळ्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काहीतरी येतं. समजा मेसेज आला, 'खडकवासल्यातून ५ लाख क्युसेक सोडलंय, गाड्या हलवा', सोबत भलत्याच धरणाचा व्हिडिओ. हे खोटं आहे हे कळायला आधी डोक्यात काहीतरी असावं लागतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. खडकवासल्याची क्षमता जेमतेम दोन टीएमसी. करा भागाकार. या वेगाने धरण तासाभरात कोरडं पडेल! सहावीचं गणित आहे हे. पण ज्याला पाढे येत नाहीत आणि टीएमसी कशाशी खातात हे माहीत नाही, तो गाडी हलवणार आणि मेसेज पुढे ढकलणार.

गाडी हलवण्यापुरतं असतं तर हसून सोडून दिलं असतं. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, आठवडे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच माणसं ठेचून मारली. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी होते ते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या दिवसांत मोबाइलवर फिरत होते. त्या गर्दीत शाळेची पायरी चढलेलं कुणीच नव्हतं, असं मला कुणी सांगू नये.

असो. मी लेकीला म्हटलं, मार्क मिळाले ना, आता आपल्यासाठी एक प्रकल्प कर. पानशेतच्या पुराबद्दल आजीला विचार. १२ जुलै १९६१ला माझी आई नऊ वर्षांची होती, नारायण पेठेत राहायची. आमच्या घरात हा पूर दरवर्षी एकदा तरी येतोच. आजीने नेहमीसारखी सुरुवात केली, "मिट्ट काळोख, आणि घोंगावत पाणी आलं..."

"आजी, धरण तर सकाळी फुटलं. पाणी दिवसाउजेडीच आलं ना?"

"अगं, दिवे गेले होते नंतर. काळोखच होता."

"तू कुठे होतीस?"

"पर्वतीवर. आम्हाला आधीच नेलं होतं."

"मग वाडा पडताना तू पाहिलास?"

आजी जरा गप्प. "दादांनी सांगितलं."

"म्हणजे ऐकलेलं," असं म्हणत पोरीने वहीत तसं लिहूनही टाकलं. आई चिडलीच. साठ वर्षं सांगतेय, आजवर कुणाची हिंमत झाली नव्हती. चहा न घेताच तिने चिंचवडला मोठ्या बहिणीला फोन लावला, स्पीकरवर. मावशी म्हणाली, "पर्वतीवर कुठली? आपण मामाकडे होतो, भवानी पेठेत."

तासभर झाला, फोन चालूच आहे. लेक शेजारी मांडी घालून बसलीये. वहीत दोन रकाने पाडलेत, 'आजी' आणि 'मोठी आजी'.